परसातले कंद

शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत घरामागच्या चार हात जागेत काही लावायचं, तर पाण्याची अडचण वर्षातून दोनदा येते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी इतकं होतं की कुंड्या तुंबतात, मिरची-वांग्याची मुळं कुजतात, पालेभाजीला गोगलगायी ठेवत नाहीत. आणि फेब्रुवारी सरला की हंडाभर पाण्यासाठी उतार उतरावा लागतो, तिथं झाडाला काय घालणार? वर्षाचा अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. मुरमाड, उताराची जमीन तो धरून ठेवत नाही.

या तालुक्यांत पाणी साठवलेलं नाही असं नाही. मुंबईला पाणी देणारे तानसा, मोडकसागर आणि भातसा हे जलाशय शहापुरातले. त्यातलं तानसा धरण तर १८९२ सालचं. मुरबाडच्या अंगाला बारवी आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत डोंगरकडेच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, ही इथली जुनी आणि संतापजनक वस्तुस्थिती आहे. परसबागेची पुस्तकं बहुतेक वेळा नळाला रोज पाणी येतं असं धरून लिहिलेली असतात. ती इथं उपयोगी पडत नाहीत, याचं पहिलं कारण हेच.

ही पुस्तिका त्या चार हात जागेसाठी आहे, आणि तिचं म्हणणं एकच आहे. या मुलखात लहान जागेत बाग करायची असेल, तर ती कंदांच्या आधाराने करावी. सुरण, अळू, हळद, आलं, कोनफळ, कणगर, करांदे, आणि फुलांत निशिगंध, भुईचाफा, सोनटक्का, पावसाळी लिली. पाऊस असतो तेव्हा ही झाडं पानं वाढवतात, पानांनी केलेलं अन्न जमिनीखाली साठवतात आणि पाणी संपलं की बहुतेकांची पानं गळून जातात. होळीच्या सुमाराला वर काहीच दिसत नाही. खाली कंद शाबूत असतो, आणि त्या काळात त्याला पाणी द्यायचंच नसतं. दिलं तर तो कुजतो. ज्या महिन्यांत आपल्याकडे पाणी नसतं, नेमक्या त्याच महिन्यांत या झाडांना ते नको असतं.

हे गणित कुणा शास्त्रज्ञाने इथं आणलेलं नाही. माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजच्या कड्यापर्यंतचं रान याच रीतीने जगतं. वळवाच्या एक-दोन सरी पडल्या की पानाआधी फूल काढणारं शेवळं उगवतं, आणि पहाटेच्या गाडीने आसनगाव-आटगावहून कल्याण-ठाण्याच्या बाजारात त्याच्या जुड्या जातात. सोबत काकडं असतातच, कारण काकडांच्या आंबटपणाशिवाय शेवळाची खाज जात नाही. मागोमाग फोडशी येते, मग कंटोळी, रानहळद, श्रावणाच्या शेवटी कळलावी. या सगळ्यांची मुळं तपासा. प्रत्येकाच्या खाली कंद, गड्डा किंवा जाड मूळ सापडेल. आठ महिने कोरडे जातात तिथं पुढच्या पावसासाठी शिदोरी जवळ ठेवणाऱ्या वनस्पतीच टिकल्या. ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी घरांतल्या बायका पिढ्यान्पिढ्या या शिदोरीवर आषाढाची ओढगस्त काढत आल्या आहेत. कोणता कंद कधी काढायचा, कोणता किती पाण्यांत उकडायचा, कोणत्याला हात लावायचा नाही, हे त्यांना पाठ आहे. या पुस्तिकेतलं निम्म्याहून अधिक ज्ञान त्यांचं आहे. ते इथं पाहुणं म्हणून आणलेलं नाही, ते मूळ आहे आणि बाकीचं त्याला जोडलेलं आहे.

कंदांच्या बाजूने आणखी एक कारण आहे, आणि माझ्या लेखी ते सगळ्यांत मोठं. दिवाळीनंतर इथली शेकडो कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. भिवंडी, कल्याण, पार रायगडपर्यंत. घराला कडी लागते ती पावसाच्या तोंडावर उघडते. परसबागेची योजना आखणारे लोक वाटप करतात ते पालक, मेथी, टोमॅटोच्या बियांचं, म्हणजे हिवाळ्यात रोज पाणी मागणाऱ्या भाज्यांचं. त्या हिवाळ्यात घरात माणूसच नसतं. मग अहवालात लिहिलं जातं की लाभार्थ्यांनी रस घेतला नाही. मला हे फार अन्यायाचं वाटतं. जो माणूस जून ते ऑक्टोबर घरी असतो, त्याला जून ते ऑक्टोबर वाढणारं पीक द्या. सुरण आणि कोनफळ मालक गावी नसताना जमिनीत पडून राहतात. मे महिन्यात परत आल्यावर उकरले तरी चालतात, आणि पावसाआधीच्या टंचाईच्या दिवसांत चुलीवर चढवायला घरात काहीतरी असतं. ज्यांच्या घराखालची जागाही अजून त्यांच्या नावावर नाही, त्यांना आंबा-चिकूची कलमं लावा म्हणून सांगणं सोपं आहे. कंद उचलून दुसरीकडे नेता येतो.

या तालुक्यांत आता दुसऱ्या प्रकारची लहान जागाही वाढते आहे. वासिंद, आसनगाव, खुद्द मुरबाड इथं इमारती उठल्या. गावातून दहा-बारा किलोमीटरवर राहायला आलेल्या कुटुंबाला तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी मिळाली. हौस तीच असते, पण सल्ला मोबाइलवरून येतो आणि रंगीत चित्रं पाहून ट्यूलिप, डॅफोडिल, हायसिंथचे कंद मागवले जातात. त्या फुलांना फुलण्याआधी बारा-चौदा आठवडे कडक थंडी लागते, जमीन पाच ते नऊ अंशांच्या आसपास हवी असते. काश्मिरात ती मिळते, म्हणून श्रीनगरची बाग फुलते. आपल्याकडे डिसेंबरातली पहाट कितीही बोचरी वाटली तरी जमीन तेवढी गार होत नाही. शीतकपाटात ठेवून एखादं फूल मिळवता येईल, पण पुढल्या वर्षी तो कंद उठणार नाही. त्याच पैशांत निशिगंधाचे पन्नास कंद येतात आणि ते वर्षानुवर्षं वाढत जातात. निशिगंधही मूळचा मेक्सिकोचा, पण तिथल्या पावसा-उन्हाची रीत आपल्यासारखी, म्हणून तो इथं रुळला. झाड कुठून आलं यापेक्षा त्याचं वर्ष आपल्या वर्षाशी जुळतं का, हे पाहावं.

उत्तरेच्या बाजूबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण ती बहुतेक पुस्तकांत नसते. उत्तरेकडची गॅलरी किंवा घराची उत्तरेची भिंत निकामी, तिथं ऊन येत नाही, असं सगळे धरून चालतात. आपण साडेएकोणीस अंश अक्षांशाच्या आसपास आहोत. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे झुकलेला असतो, आणि उन्हाळा-पावसाळ्यात तो उगवतो-मावळतोही उत्तरेला सरकून. म्हणजे कंदांची पानं फुटण्याच्या ऐन दिवसांत त्या बाजूला सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आणि दुपारचा भरपूर उजेड असतो. ऑक्टोबरनंतर तिथं सावली येते, तेव्हा कंद झोपायला लागलेले असतात. हळद, आलं आणि अळू यांना तशीही अर्धी सावली मानवते. तेव्हा उत्तरेचा कोपरा अडगळीला देऊ नका.

आता लागवडीकडे. पहिला आणि शेवटचा नियम पाण्याच्या निचऱ्याचा. इथं कंद मरतो तो तहानेनं नाही, साचलेल्या पाण्यानं. आल्याची कंदकुज म्हणतात ती जुलैच्या झडीत, पाणी न निघणाऱ्या मातीत सुरू होते. पानं पिवळी पडेपर्यंत खालचा गड्डा मऊ झालेला असतो. म्हणून जमिनीवर लावायचं तर वीतभर उंच वरंबे करावेत, उताराला आडवे पण थोडी वाट ठेवून. कुंडी किंवा गोणी असेल तर ती विटांवर ठेवावी, भोकं तळाला आणि बाजूलाही पाडावीत. गॅलरी पश्चिमेची असेल तर पावसाची झड थेट आत येते. तिथं कुंड्या भिंतीशी सरकवाव्यात. माती मिसळताना दोन वाटे तांबडी माती, एक वाटा जुनं शेणखत आणि एक वाटा भाताचं तूस घ्यावं. भातगिरणीवर तूस मिळतं आणि ते अर्धवट जाळून घातलं तर फारच चांगलं. ज्या मातीत आलं झालं, त्यात पुढच्या वर्षी आलं किंवा हळद लावू नये. तिथं अळू किंवा भाजी घ्यावी.

गोणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. खताच्या प्लास्टिकच्या गोण्या सोयीच्या असतात, पण इथलं ऊन खाऊन वर्षा-दीड वर्षात त्यांचे तुकडे होऊन मातीत मिसळतात. बांबूची जुनी कणगी किंवा डालगं मिळालं तर ते घ्या. आत सागाची वा पळसाची पानं लावा. दोन पावसाळे निघतात आणि शेवटी तेच खत होतं.

सुरणाबद्दल थोडं रेंगाळतो, कारण तो नीट समजला की बाकीचे सोपे जातात. सुरणाचा गड्डा दर वर्षी नवा होतो. जुना गड्डा कोंबाला आणि पानाला आपलं सगळं देऊन आक्रसतो आणि त्याच्या डोक्यावर नवा तयार होतो. मुळंसुद्धा गड्ड्याच्या वरच्या अंगाने, कोंबाच्या बुडाशी फुटतात. म्हणून बेणं खोलवर बसवायचं, पण खड्डा एकदम भरायचा नाही. दीड फूट खोल खड्डा घ्यावा, तळाला पालापाचोळा आणि शेणखत, त्यावर अर्धा किलोचं बेणं कोंब वर करून ठेवावं, चार बोटं माती घालावी आणि झाड वाढेल तसतशी माती व पाचोळा वरून देत जावं. गड्डा मोठा असेल तर कापून लावता येतो, मात्र प्रत्येक फोडीला मधल्या डोळ्याचा भाग आला पाहिजे. कापलेली फोड शेणकाल्यात बुडवून दिवसभर सावलीत सुकवावी. एका गड्ड्याला साधारण एकच देठ येतो, वर छत्रीसारखं पान. ते पान मोडलं की त्या वर्षीची वाढ जवळजवळ संपली, म्हणून कोंबड्या आणि पोरांच्या चेंडूपासून ते जपावं. कार्तिक-मार्गशीर्षात पान पिवळं होऊन आडवं झालं की गड्डा तयार. अर्ध्या किलोचे दोन-अडीच किलो होतात. 'गजेंद्र' ही जात फारशी खाजत नाही. गावठी सुरण खाजतो, कारण त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवणं हाच त्याला उपाय.

हळदीला एवढे सोपस्कार नाहीत. रोहिणीत, म्हणजे २५ मेनंतर, दोन इंच खोल आणि वीतभर अंतरावर कांड्या लावाव्यात. श्रावणात पातोळ्यांना पानं, माघात ओली हळद, आणि पुढच्या वर्षीचं बेणं घरचंच. अळू मोरीच्या पाण्यावर जगतं. वडीचं काळ्या देठाचं आणि भाजीचं हिरवं असं दोन्ही ठेवावं. फक्त साबणाचं पहिलं जाड पाणी त्याला सोडू नये.

वेलकंद लहान जागेसाठी मला सगळ्यांत मोलाचे वाटतात आणि सगळ्यांत दुर्लक्षितही. कोनफळ आणि कणगर मांडवावर, गच्चीच्या कठड्यावर, दारातल्या आंब्यावर चढतात. जमिनीची जागा लागते ती हातभर. करांद्याला तर उकरावंही लागत नाही. पानांच्या बेचक्यांतून गोळे लटकतात, ते हाताने तोडायचे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोनफळाची 'कोकण घोरकंद', कणगराची 'कोकण कांचन' आणि अळूची 'कोकण हरितपर्णी' या जाती आपल्याच हवामानासाठी काढल्या आहेत. तरीही आपल्या परसांत त्या क्वचित दिसतात, याची खंत वाटते. कोनफळाचा गड्डा खोल जातो आणि काढताना तुटतो, तेव्हा तो कणगीतच लावा. कणगी आडवी केली की काम झालं.

इथं एक सावधगिरी. रानातला कडू करांदा आणि घरचा करांदा दिसायला सारखे असतात. रानातला राखेत उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून खातात, पण ज्यांना तो ओळखता येतो आणि शिजवता येतो त्यांनीच. बेणं घ्यायचं ते खाल्लेल्या, ओळखीच्या घरच्या वेलाचं. दुसरी कळलावी. गौरीच्या पूजेला तिची फुलं हवीत म्हणून अनेक जण ती कुंपणाला लावतात. झाड देखणं आहे, पण नांगराच्या आकाराचा तिचा कंद जिवावर बेतणारा विषारी आहे. तो खाण्याच्या कंदांजवळ लावू नका, त्याच टोपलीत ठेवू नका, लहान मुलं असतील तर लावूच नका.

डुकरांचं काय, हा प्रश्न टोकावडे, डोळखांब, कसाऱ्याच्या बाजूला पहिला विचारला जातो. रानडुक्कर आणि साळिंदर कंद उकरतात आणि एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते. शेतात याला खात्रीचा उपाय नाही. परसात आहे, आणि तो जागेच्या लहानपणातूनच येतो. कंद भिंतीलगत, ओट्याच्या उजेडात लावावेत, गड्ड्यांभोवती मोठे धोंडे बसवावेत आणि बाहेरची ओळ हळदीची ठेवावी. हळदीला डुक्कर सहसा तोंड लावत नाही. घुशींचा उपद्रव असेल तिथं मात्र काढणी लांबवू नये.

फुलांसाठी पुस्तिकेत वेगळं प्रकरण आहे, म्हणून इथं थोडक्यात. निशिगंध एप्रिल-मेमध्ये, दोन-अडीच इंच खोल, भरपूर उन्हात. तीन महिन्यांत दांडे येतात आणि तीन वर्षांनी गड्डे उपटून वेगळे करावे लागतात. सोनटक्का मोरीच्या कडेला. पावसाळी लिली कोरड्या खंडानंतरच्या पहिल्या सरीला फुलते, तिला त्याआधी तहानलेली ठेवावी. आणि भुईचाफा. भर उन्हाळ्यात, एकही पान नसताना, मातीतून थेट जांभळट-पांढरं सुगंधी फूल येतं. जुन्या घरांच्या परसांत तो असायचा. घर पाडून सिमेंटचं अंगण केलं की तो गेला. कुणाकडे अजून असेल तर त्याचे गड्डे वाटून टाका.

रानातून मात्र कंद खणून आणू नका. हे मी विनंती म्हणून नाही, अट म्हणून लिहितो. मुरबाडच्या वेशीवरच्या हरिश्चंद्रगडावर कंदीलपुष्पाची अशी जात आहे, जी जगात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. भुईआमऱ्यांचे कंद आणून कुंडीत लावले तर ते जगत नाहीत, कारण त्यांना त्या मातीतली बुरशी लागते. शेवळं खुडतानाही जाणत्या बाया गड्डा जागेवर ठेवतात, म्हणून ते पुढल्या वर्षी उगवतं. कंटोळीचा वेल परसात हवा असेल तर बी घालत बसू नका, कारण तिचे नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि बियांतून काय येईल ते कळत नाही. शेजाऱ्याच्या बांधावरच्या फळणाऱ्या वेलाला पावसाळ्यात दोरी बांधून खूण करा, मालकाला विचारून त्याच्या मुळाचा गड्डा उन्हाळ्यात घ्या. आठ-दहा मादी वेलांना एक नर पुरतो.

काढलेलं बेणं पुढच्या रोहिणीपर्यंत टिकवणं ही अर्धी बाग आहे. माती झटकून, न धुता, सावलीत सुकवून कोरड्या वाळूत किंवा राखेत ठेवावं. चुलीच्या वरचा माळा त्याला उत्तम, धुरामुळे कीड लागत नाही. फ्लॅटमध्ये जाळीच्या पिशवीत, हवा खेळेल अशा काळोख्या कोपऱ्यात. महिन्यातून एकदा चाचपून मऊ पडलेले गड्डे काढून टाकावेत.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक कंदाची माहिती महिन्यांच्या क्रमाने येईल. ती सगळी वाचून मग सुरुवात करायची गरज नाही. या मे महिन्यात रोहिणी लागण्याआधी एक कणगी, थोडं तूस आणि शेणखत जमवा, वाडीतल्या किंवा शेजारच्या ज्या घरी कोनफळाचा वेल आहे तिथं जाऊन बेण्याचा एक तुकडा मागा, आणि पुढच्या वर्षी तुमच्या वेलाचे दोन तुकडे दुसऱ्या दोन घरांना द्या.